गुंतवळ

वटपौर्णिमेला मोगऱ्याचा गजरा माळला आणि वडापाशी पोचेपर्यंत तो खांद्यावर आला. दोन आकडे जास्तीचे लावून पुन्हा माळला. तिसऱ्या फेरीला परत सटकला. मागून येणारी शेजारीण म्हणाली, "अगं, धरायला काही शिल्लक आहे का तुझ्या वेणीत?" ती सहज बोलून गेली, मीही हसले. घरी येऊन वेणीचा रबर बघितला. एरवी त्याचे तीन वेढे बसायचे. त्या दिवशी पाच बसले आणि तरी तो सैल होता.

ही जून 2022 ची गोष्ट. माझं वय तेव्हा एकोणचाळीस. कराडला एका सहकारी बँकेत कर्ज विभागात नोकरी करते. घरात सासूबाई, नवरा आणि तेव्हा सातवीत असलेली मुलगी.

केस गळतात हे माहीत होतं, पण ते सगळ्यांचेच गळतात. दिवसाला पन्नास ते शंभर गेले तरी काळजी करायची नाही, असं डॉक्टरही सांगतात. माझं प्रकरण त्याच्या पुढे गेलेलं होतं. न्हाणीच्या जाळीवर रोज पाणी तुंबायचं. कणीक मळताना केस, डब्यात केस, कर्जाच्या फायलीत केस. एका खातेदाराने तर तारणाच्या कागदांतून लांबलचक केस दोन बोटांनी उचलून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "हा तुमचाच असणार मॅडम, आमच्या घरात एवढे लांब कुणाचे नाहीत."

मग घरगुती उपाय सुरू झाले. सासूबाईंनी लोखंडी कढईत माका, जास्वंद आणि कढीपत्ता घालून खोबरेल उकळलं. दोन दिवस घरभर वास होता. तेल मनापासून केलेलं होतं, मीही मनापासून लावलं. केस मऊ झाले, आणि मऊ होऊन गळू लागले. मोठ्या जाऊबाईंनी कांद्याचा रस सांगितला. तो लावून, धुऊन, वर दोनदा शाम्पू करून कामावर गेले, तरी दुपारी शिपाई मामांनी विचारलंच, "मॅडम, आज डब्यात कांदाभजी का?"

खरी गोम पार्लरमधल्या मुलीला आधी दिसली. गणपतीच्या आधी थ्रेडिंगला गेले होते. तिने दोरा तोंडात धरला, मग सोडला, आणि भुवईच्या बाहेरच्या टोकावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, इथं काढायला काही नाहीच की. आधीच कुठं केलंत का?" कुठेच केलं नव्हतं. दोन्ही भुवया बाहेरच्या बाजूने पाऊण इंचभर गायब झाल्या होत्या आणि रोज टिकली लावताना आरशात बघणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. नंतर कळलं, थायरॉईड कमी पडलं की भुवयांची बाहेरची टोकं जाणं ही जुनी, पुस्तकात नोंदलेली खूण आहे.

बाकीच्या खुणाही होत्याच, मीच त्यांना दुसरी नावं दिली होती. दुपारी तीनला डोळे मिटायचे, त्याला मी मार्चएंडचा शीण म्हणत होते. मार्च संपून पाच महिने झाले होते. ऑगस्टमध्ये बँकेच्या एसीत स्वेटर घालून बसायचे. आवाज घोगरा झाला होता. पाळी आली की सात-आठ दिवस अंगावरून भरपूर जायचं, ते चाळिशी जवळ आली म्हणून. सहा किलो वजन वाढलं, ते बसून काम म्हणून. प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं.

गणपती बसले आणि मी रक्त तपासलं. टीएसएच 38.6. थायरॉईडला कामाला लावणारं हे संप्रेरक; थायरॉईड कमी पडलं की याचा आकडा वर जातो. शेजारी छापलेलं होतं, 0.4 ते 4.2. फॅमिली डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करायला लावली, अँटी-टीपीओ. तीही वाढलेली निघाली. शरीराची स्वतःचीच फौज थायरॉईडच्या ग्रंथीवर चाल करून जाते, तो प्रकार. 1912 साली हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी तो पहिल्यांदा मांडला, म्हणून त्यांचंच नाव. मुलगी शाळेत सांगत सुटली, "माझ्या मम्मीला जपानी आजार झालाय."

50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, सकाळी उपाशी पोटी. पहिले पंधरा दिवस मी ती चहाबरोबर घेतली. उपाशी पोटी म्हणजे नाश्त्याआधी, असा माझा समज; चहा हे काय खाणं आहे? डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांनी, नाहीतर ती थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवते. संकष्टीला गोळीने उपास मोडतो का, हा प्रश्न सासूबाईंनी परस्पर निकालात काढला. "औषधाला उपास नसतो," म्हणाल्या, "नि चहाला बरा चालतो तुझा उपास."

सहा आठवड्यांनी टीएसएच 11 वर आला, गोळी 75 ची झाली. जानेवारी 2023 मध्ये 3.1. झोप कमी झाली, स्वेटर कपाटात गेला, आवाज आला. केस मात्र गळतच होते. आकडा बरोबर आला म्हणजे केस थांबणार, असं मी धरून चालले होते. डॉक्टर म्हणाले, "वेळ लागतो." हे वाक्य आम्हीही कर्जदारांना रोज ऐकवतो, त्यामुळे माझा त्याच्यावर फारसा विश्वास नाही.

आणि इथे मी माती खाल्ली.

मोबाईलवर रात्री उशिरा केस गळणं हा शब्द दोनदा शोधला की तिसऱ्या दिवसापासून जाहिरातींचा पाऊस पडतो. त्यातल्या एका पावसात भिजून बायोटिनच्या गोळ्या मागवल्या. 10 मिलिग्रॅमच्या. माणसाला दिवसाला बायोटिन लागतं साधारण 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे मी गरजेच्या तीनशेपटीहून जास्त घेत होते. आपलं ते व्हिटॅमिन, जास्त झालं तर लघवीवाटे जातं, असं बाटलीवर नव्हतं लिहिलेलं. माझ्याच डोक्यात होतं. डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नाही. व्हिटॅमिन हे काय औषध आहे? चहासारखंच ते.

एप्रिलच्या तपासणीत टीएसएच 0.08 आला आणि टी-फोर, म्हणजे खुद्द थायरॉईडचं संप्रेरक, वाढलेला. म्हणजे गोळी जास्त होतेय. डॉक्टरांनी विचारलं, छाती धडधडते का, हात थरथरतात का, वजन उतरलं का? काहीच नाही. उलट पोट साफ होत नव्हतं आणि झोप परत यायला लागली होती. पण रिपोर्टवर आकडा छापलेला असतो, झोप छापलेली नसते. गोळी 75 वरून 50 वर आली. जूनमध्ये पुन्हा टीएसएच खालीच, म्हणून 25 वर.

त्या मे महिन्यात सांगलीला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. भांग इतका रुंद झाला होता की मी त्यात भुवईची काळी पेन्सिल फिरवली. आरशात छान दिसत होतं. दुपारचा मुहूर्त, मांडवात पंखे नावाला, आणि मंगलाष्टकं चौथ्या कडव्याला पोचेपर्यंत माझ्या कपाळावरून काळा ओघळ नाकापर्यंत आला. अक्षता टाकायच्या हाताने तो पुसला, तर पसरला. फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपलाय. अल्बम कुणी काढला की मी चहा करायला उठते.

सप्टेंबरपर्यंत सगळं परत आलं. चेहरा सुजलेला, पाय जड, पाळीला पुन्हा आठ दिवस. केस तर मुठीने. रात्री सगळे झोपल्यावर मी पांढऱ्या कागदावर टॉवेल झटकायचे आणि मोजायचे. नोटांसारख्या दहा-दहाच्या गड्ड्या करून. एका रात्री 214 भरले. नवरा पाणी प्यायला उठला होता. दारात उभा राहून बघितलं त्याने, काही बोलला नाही. नंतर आठवडाभर न्हाणीच्या जाळीवरचे केस कमी दिसायला लागले. सकाळच्या घाईत बघणं जमायचं नाही, म्हणून जाळी मी संध्याकाळी तपासायचे. वहीत 'घट' असं लिहिलंसुद्धा. मग एकदा दुपारी घरी असताना कळलं, माझ्यामागून अंघोळीला जाणारा हा माणूस रोज जाळी साफ करून ठेवत होता. मला दिसू नये म्हणून. त्याच्यावर चिडावं की काय करावं, कळेना. चिडलेच. "माझा हिशोब चुकवलास," म्हटलं.

त्यानंतर मी गुंतवळ साठवायला लागले. फणीतलं, उशीवरचं, जाळीवरचं, सगळं वाळवून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. डॉक्टरांना पुरावा दाखवायचा होता. सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही. गुंतवळ घरात ठेवायचं नसतं, बोटावर गुंडाळायचं, त्यावर थुंकायचं आणि टाकायचं, नाहीतर कुणाच्या हाती लागलं तर करणी होते. मी म्हटलं, "आई, करणी झालेलीच आहे, आता आणखी काय व्हायचंय?"

बरणी घेऊन कोल्हापूरला त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी बरणी हातात घेतली, झाकण न उघडताच बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "गळलेल्याचं मी काही करू शकत नाही. राहिलेले दाखवा." डोक्याच्या चार जागी चाळीस-पन्नास केसांची बट धरून हलकं ओढून बघितलं, किती हातात येतात ते. सगळीकडून आले. मग दिव्याची छोटी दुर्बीण भांगावर टेकवून पडद्यावर दाखवलं. जाड केसांच्या मध्ये बारीक, सुतासारखे केस. "इथं दोन-तीन गोष्टी एकदम चालल्यात," म्हणाल्या.

मग विचारलं, "काय काय घेता?" मी थायरॉईडची गोळी सांगितली. "औषध नाही विचारलं. तोंडातून पोटात जे जातं ते सगळं सांगा. काढे, पावडरी, चूर्ण, गोळ्या." तेव्हा कुठे बायोटिन बाहेर आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी जे समजावलं ते मला कळलं तसं सांगते. थायरॉईडच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये यंत्राच्या आत बायोटिनचाच डिंकासारखा उपयोग करतात. एक रसायन दुसऱ्याला चिकटवून मोजायला. आपल्या रक्तातच बायोटिनचा पूर आलेला असेल, तर ते त्या डिंकाची जागा अडवतं आणि मोजमाप फसतं. टीएसएच खोटा कमी दिसतो, टी-फोर खोटा जास्त. म्हणजे कागदावर थायरॉईड उतू चाललेलं, आणि प्रत्यक्षात शरीरात त्याचा खडखडाट. सगळ्याच यंत्रांमध्ये असं होत नाही, पण कुठल्या लॅबमध्ये कुठलं यंत्र, हे कोण विचारतं? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 सालीच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मी केसांसाठी घेतलेल्या गोळीने माझा रिपोर्ट बिघडवला, रिपोर्टने माझी थायरॉईडची गोळी कमी केली, आणि कमी गोळीने माझे केस नेले. फॅमिली डॉक्टरांना दोष देता येत नाही. त्यांना मी सांगितलंच नव्हतं.

बायोटिन पूर्ण बंद केलं, आठवड्याने रक्त दिलं. टीएसएच 24. लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन 8. हिमोग्लोबिन 10.2. साखळी अशी होती: थायरॉईड कमी म्हणून पाळीला जास्त रक्त, जास्त रक्त गेलं म्हणून लोह संपलं, आणि लोह संपलं की शरीर केसांचा पुरवठा आधी तोडतं. केसावाचून माणूस मरत नाही, हे शरीराला ठाऊक असतं.

थायरॉईडची गोळी परत 75 वर गेली. लोहाची गोळी दुपारी, जेवणानंतरचा चहा सोडून, लिंबूपाण्याबरोबर. दुपारचा चहा सोडणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम होतं, आणि मी हे गंमत म्हणून लिहीत नाही.

"कधी थांबेल?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आज जो केस गळतोय, तो दोन-तीन महिन्यांपूर्वीच कामावरून निघालाय. मुळाशी वाढ थांबते, मग तो तसाच डोक्यावर बसून राहतो आणि तीन महिन्यांनी पडतो. आज औषध बरोबर लागलं तरी आधी निघालेले पडणारच."

माझ्या डोक्यात तिथे लख्ख उजेड पडला. हे तर आमचं एनपीएचं, थकलेल्या कर्जाचं गणित! कर्जदाराचा धंदा बसतो आज. हप्ता थकतो आज. पण खातं एनपीएत जातं नव्वद दिवसांनी. बोर्डाच्या मीटिंगमध्ये तेव्हा आरडाओरडा होतो आणि सगळे त्या महिन्यात काय चुकलं ते शोधत बसतात. चूक तीन महिने मागे असते. जानेवारी 2023 मध्ये टीएसएच 3.1 असताना गळलेले केस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे थकबाकीदार होते. मी तेव्हा गप्प बसले असते, तर वसुली आपोआप सुरू होणार होती.

घरी येऊन वहीतला रोजचा आकडा बंद केला. त्याऐवजी दर महिन्याच्या एक तारखेला मुलीने माझ्या भांगाचा फोटो काढायचा. तीच खिडकी, तीच सकाळ, केस धुतल्यानंतरचा दुसरा दिवस. मध्ये बघायचं नाही. तिने ते काम फार कडकपणे केलं. मी वीस तारखेला गयावया केली तरी फोन हातात दिला नाही.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, फोटो वाईटच. बरणी भरतच होती. जानेवारी 2024 मध्ये टीएसएच 2.4 आला. आणि त्याच महिन्यात कधीतरी वेढे मोजायचे विसरून गेले.

फेब्रुवारीच्या एक तारखेला मुलगी फोटो काढता काढता थांबली. "मम्मी, तुला जावळ आलंय." कपाळाच्या कडेने बोटाच्या पेरापेक्षा लहान, ताठ उभे केस. तेलाने बसत नव्हते, पाण्याने बसत नव्हते. ऊन मागून आलं की डोक्याभोवती धूसर कड दिसायची. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे हे डिसेंबरातले. ती चेष्टा करत होती, पण तिला बाळपणीचा फोटो काढून दाखवला, तशीच कड तिच्या डोक्याभोवती होती.

सगळं परत आलं नाही, हेही सांगायला हवं. भांगाच्या मध्यावरचे बारीक केस हा वेगळा मामला आहे. तो थायरॉईड बरं झालं म्हणून जात नाही. त्यासाठी मॅडमनी थायरॉईड स्थिर झाल्यावर मिनॉक्सिडिल सुरू केलं, रात्री डोक्याच्या त्वचेला लावायचं. मूळचं हे रक्तदाबाचं औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा ते डोक्याकडे वळलं. पहिले काही आठवडे त्याने केस जास्त गळतात. हे आधी सांगून ठेवलेलं असूनही तिसऱ्या आठवड्यात मी दवाखान्यात फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम म्हणाल्या, तुमचा फोन येईल म्हणून." कानशिलावर थोडी लव आली आहे. लावणं थांबवलं तर मिळालेलं जाणार, तेव्हा ते चालूच राहणार. फेरिटिन जूनपर्यंत 46 वर आलं. भांग मी मधून काढून डावीकडे नेला आणि अजून तिथेच आहे. रबराला आता चार वेढे बसतात. तीन नाहीत.

तपासणीच्या आधी मात्र आता मी लॅबमधल्या मुलाला सगळी यादी वाचून दाखवते, अगदी ज्येष्ठमधापर्यंत. तो कंटाळतो.

बरणी माळ्यावर राहून गेली होती. परवा, दिवाळीची आवराआवर चालू असताना गल्लीत आरोळी आली, "केसावर फुगेऽऽ, केसावर भांडीऽऽ." लहानपणी आमच्या गल्लीत या बायका यायच्या, आई गुंतवळ देऊन माझ्यासाठी फुगे घ्यायची. मला वाटलं होतं, हे सगळं केव्हाच बंद पडलं असेल. बरणी घेऊन खाली गेले. तिने ते केस बाहेर काढले, दोन्ही हातांनी पिंजून उन्हात धरले, लांबी बघितली आणि छोट्या वजनकाट्यावर ठेवले.

"पन्नास ग्रॅम बी न्हाई ताई."

"अहो, चार महिन्यांचं आहे ते," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असावा.

"चार म्हैन्याचं?" तिने माझ्या डोक्याकडे बघितलं, मग काट्याकडे. "मग लई न्हाई गेलं."

भांडं मिळण्याइतकं वजन नव्हतं. तीन फुगे दिले, दोन लाल, एक हिरवा, आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली. मी फुगे हातात घेऊन फाटकात उभी, तेवढ्यात वरून गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला.

"अगं, द्यायच्या आधी थुंकलीस का त्यावर?"